कर्नल उठत नव्हता त्या रात्री

हसा. आधी पोटभर हसून घ्या. तुम्ही सगळी कॉम्प्युटर शिकणारी पोरं, तुमच्यापुढे भुताचं नाव काढलं की खिदळणारच. पण ही गोष्ट कॉम्प्युटरचीच आहे, म्हणून मुद्दाम तुम्हाला सांगतो. मोबाइल तेवढे खिशात ठेवा. मध्येच उजेड पडला की माझा धागा तुटतो.

माझ्या दुकानातला भागीदार तुम्ही पाहिलेला नाही. त्याला सगळे पेचकस म्हणायचे. लोक खिशाला पेन लावतात, हा पेचकस लावायचा. अगदी लग्नालासुद्धा. बावीस वर्षं आम्ही एकाच टेबलावर समोरासमोर बसून लोकांची बिघडलेली यंत्रं उघडली. थापा मारणाऱ्यांतला माणूस नव्हे तो. उलट इतका रुक्ष, की त्याला विनोद सांगितला तर विचारायचा, "बरं, मग पुढे?" त्याने हे मला एकदाच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

सोळा जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी साडेसातला तो दुकानातून निघाला. काखेत नवा मदरबोर्ड, खांद्याला लॅपटॉपची पिशवी. मी म्हटलं, "जेवून जा की." म्हणाला, "तासाभराचं काम. बोर्ड बसवायचा, मशीन चालू करायचं, की घरी."

काम होतं आमच्या टेलरमास्तरांकडे. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम, मागच्या खोलीत संसार. मागच्या खोलीत सहा वर्षांपासून त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली. आम्ही तिला ताई म्हणायचो. मज्जातंतूंचा आजार. आधी पाय गेले, मग हात, मग आवाज. डोकं मात्र लख्ख. माणूस आतमध्ये पूर्ण जागा आणि बाहेरची सगळी दारं एकेक करून बंद होत चाललेली... विचार करा.

ताईंना एक थोरला भाऊ होता, दादा. तो तुमच्यासारखाच, कॉम्प्युटरचा किडा. त्याने बहिणीसाठी स्वतःच्या हाताने बोलायचं मशीन बनवलं. पलंगाशेजारी एक खोका, समोर पडदा, आणि ताईंच्या उजव्या गालाला चिकटवलेली एक बटणाएवढी चकती. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळत जायची. हवं ते अक्षर आलं की ताई गाल किंचित हलवायच्या. शब्द झाला की मशीन तो मोठ्याने म्हणायचं. आवाज स्टेशनवर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईसारखा. "चहा. गार. झाला. आहे." मग मास्तर शिलाई थांबवून ओरडायचे, "फलाट क्रमांक किती?" रोजचा विनोद. रोज दोघंही हसायची. ताईंचं हसणं फक्त मास्तरांना कळायचं.

दादा दीड वर्षापूर्वी गेला. खुर्चीत बसल्या बसल्या. बहिणीत भारी जीव त्याचा.

तर, मंगळवारी वीज गेली आणि येताना झटका देऊन आली. त्या झटक्यात मशीनचा बोर्ड जळाला. एरवी दोन दिवस उशीर झाला असता तरी चाललं असतं. पण बुधवारी डॉक्टर येऊन गेले होते. ताईंचा श्वास अपुरा पडायला लागला होता. गळ्यात नळी बसवायची, नाहीतर फार दिवस नाहीत, असं ते स्पष्ट म्हणाले. आणि ताईंनी पूर्वीच मशीनमधून सांगून ठेवलं होतं, की नळीची वेळ आली तर मला विचारा. दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारी सकाळी नऊला येतो. हो की नाही ते त्यांच्याकडूनच कळलं पाहिजे."

आता तुम्ही म्हणाल, पापण्यांनी विचारायचं. एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. महिन्यापूर्वीपर्यंत तसंच चालायचं. मग पापण्याही गेल्या. अर्ध्या उघड्या राहायच्या, दिवसरात्र. उरली होती गालातली एक बारीकशी हालचाल. ती माणसाच्या डोळ्याला दिसत नव्हती. फक्त मशीनला कळायची.

म्हणून पेचकस त्या संध्याकाळी तिथे.

बोर्ड बसवायला त्याला पाऊण तास लागला. बटण दाबलं. पंखा फिरला. पडद्यावर पांढऱ्या ओळी धावल्या... आणि थांबल्या. शेवटची ओळ अशी, की डिस्क सापडत नाही, पुढे जाता येत नाही.

तुम्हाला कळलं असेल काय झालं ते. मास्तरांना कळेना. पेचकस त्यांना सांगायला लागला, "मशीन सुरू झालं की आधी त्याचा कर्नल उठतो. तो उठून बाकीच्यांना उठवतो."

"लष्करातला?"

"तसंच समजा. हा कर्नल तुमच्या मेहुण्याने स्वतः बांधलाय. जुन्या बोर्डापुरतंच शिकवलंय त्याला. नव्या बोर्डावर डिस्क कुठे असते ते त्याला माहीत नाही. घर बदललं, आणि याला नवा पत्ता कुणी सांगितला नाही."

"मग सांगा की पत्ता."

"तेच करतो."

आधी त्याने सोपी वाट धरून पाहिली. पेनड्राइव्हवरची तयार सिस्टिम लावली. मशीन लगेच उठलं, पण त्या सिस्टिमला गालाची चकती ओळखता येईना. चकतीची सगळी करामत दादाने आपल्या कर्नलमध्ये शिवून ठेवली होती. दुसऱ्याचा कर्नल चालणार नव्हता. दादाचाच पाहिजे, फक्त त्यात एक गोष्ट वाढवून, नवा बांधून.

साहित्य सगळं जुन्या डिस्कवर होतं. पेचकसने डिस्क काढली, लॅपटॉपला जोडली, दादाचं सगळं काम उतरवून घेतलं. यातच साडेअकरा वाजून गेले. कर्नल बांधायच्या आधी एक लांबलचक यादी असते. हा भाग हवा का? तो हवा का? हो असेल तर वाय, नको असेल तर एन. नव्या बोर्डाच्या डिस्कच्या भागापुढे दादाच्या यादीत एन लिहिलेलं होतं. पेचकसने तिथे वाय केलं आणि बांधायला लावलं. पन्नास मिनिटं.

मास्तर पलंगाशी बसले होते. गळ्यात मापाची पट्टी तशीच. ताईंच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावलेला होता. अठ्ठ्याऐंशी.

"ऐंशीच्या खाली गेला तर नर्सबाईंनी फोन करायला सांगितलंय," मास्तर म्हणाले. "मग उचलून नेतील. तिथे गेल्यावर मलाच विचारणार, नळी घालू का म्हणून. मी काय सांगू? हो म्हटलं आणि हिला नको असली तर? नाही म्हटलं आणि..."

ते परत चिमट्याकडे बघत बसले.

साडेबाराला पहिला कर्नल तयार झाला. डिस्कवर चढवला, डिस्क मशीनमध्ये घातली, बटण दाबलं.

डिस्क सापडत नाही.

पेचकसने यादी उघडून पाहिली. त्या ओळीवर एन होतं.

त्याला फार काही वाटलं नाही. असं होतं. एखादा भाग दुसऱ्या भागावर अवलंबून असतो, तो वरचा नसला की खालचा आपोआप गळतो. त्याने वरचाही वाय केला. खालचाही केला. दोनदा वाचून पाहिलं. परत बांधायला लावलं.

दोन वाजता दुसरा तयार झाला. बटण दाबलं.

डिस्क सापडत नाही.

यादी उघडली. एन.

चिमट्यावर चौऱ्याऐंशी.

मास्तर उठून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "जमत नाही का हो?" त्यांचा आवाज असा, की पेचकसला मागे वळून बघायचं धैर्य झालं नाही. "तुम्ही दुसऱ्या कुणाला फोन करता का? मोठ्या शहरात कुणी... मी गाडी करतो. आत्ता जातो. कुणालाही उठवून आणतो."

"मास्तर, बसा. माझीच काहीतरी चूक होतेय. या वेळेला एकेक प्रश्न समोर घेऊन उत्तर देतो."

त्याने डिस्क काढून टेबलावर ठेवली. सुटी. आणि लॅपटॉपवर यादी पहिल्यापासून सुरू केली. ही पद्धत किचकट असते. प्रश्न येतो, थांबतो, तुम्ही उत्तर दिल्यावर पुढचा येतो. शेकडो प्रश्न. पेचकस दादाच्या जुन्या उत्तरांवरून भराभर पुढे जात राहिला.

दोन चाळीसला तो प्रश्न आला.

नव्या बोर्डाच्या डिस्कचा भाग. हवा का?

त्याने बोट वायकडे नेलं.

पडद्यावर एन उमटला.

त्याने हात मागे घेतला. त्याला वाटलं, चुकून लागलं असेल. मागे जाऊन परत प्रश्न आणला. या वेळी दोन्ही हात मांडीवर ठेवले. नुसता बघत राहिला.

एन.

बटण अडकलं असेल. त्याने खिशातला पेचकस काढला आणि कीबोर्डवरचं एनचं बटण उचकटून काढलं. उपटलंच म्हणा ना. खालची रबरी टोपीही काढली. नुसतं भोक राहिलं. परत प्रश्न आणला.

वाट पाहिली.

काही नाही. त्याला जरा हायसं वाटलं.

मग...

एन.

तो उठला. बसला. लॅपटॉपला काहीही जोडलेलं नव्हतं. चार्जरची वायर सोडून. तीही त्याने काढली.

एन.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

मध्ये वेळ जायचा. कधी मिनिटभर. कधी पाच मिनिटं. मग एन. दर वेळी अंतर वेगळं. यंत्राचा बिघाड असा नसतो, हे मला त्याने दोनदा सांगितलं. बिघाडाला एक चाल असते. याला नव्हती.

मास्तरांनी चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं. "हे काय लिहिलंय?"

"एन."

"म्हणजे?"

"म्हणजे... नाही."

मास्तरांनी पलंगाकडे पाहिलं. मग परत पडद्याकडे.

एन.

"ही म्हणतेय का?"

"कसं शक्य आहे, मास्तर. चकती मशीनला. मशीन बंद. हा लॅपटॉप माझा."

"मग कोण म्हणतंय?"

...

खोलीत फक्त ताईंचा श्वास ऐकू येत होता. आत... बराच वेळ काही नाही... बाहेर. पुढच्या खोलीत अंधार होता. पेचकस म्हणतो, त्या अंधाराकडे पाठ करून बसणं त्याला जड जायला लागलं. का, ते त्याला सांगता येत नाही. काही दिसलं नाही. काही वाजलं नाही. फक्त पाठ गार पडली.

ब्याऐंशी.

मास्तर पलंगाशी गुडघ्यांवर बसले. ताईंचा चेहरा दोन्ही हातांत घेतला.

म्हणाले, "थकलीस का गं? नको झालं का तुला? अगं, मला आधी सांगायचंस. मी कधी कशाला अडवलंय का तुला... नको असेल तर नको. पण असं नको गं जाऊस. माझ्याशी बोल एकदा. मग जा."

एन.

"बघा," मास्तर म्हणाले. ते रडत नव्हते. रडण्याच्या पलीकडे गेले होते. "नाहीच म्हणतेय ती. मशीनही नको, नळीही नको. बंद करा तुमचं ते. डॉक्टरांना मी सांगतो सकाळी."

इथे दुसरा कुणी असता तर त्याने पिशवी आवरली असती. मी आवरली असती. पण पेचकस रुक्ष माणूस. तो म्हणाला, "मास्तर, हा माझा लॅपटॉप आहे. ताईंनी याला आयुष्यात हात लावलेला नाही. यावर उमटलेलं नाही मी ताईंचं धरणार नाही. कुणाचं का असेना ते. ताईंचं 'नाही' ताईंच्या मशीनमधून येऊ दे. मग मी गप घरी जातो."

"आणि मशीन उठलंच नाही तर?"

"उठवतो."

एक्क्याऐंशी.

तीन सदतीस झाले होते. त्यानंतर पडद्यावर काही उमटलं नाही. पेचकसने पाच मिनिटं वाट पाहिली. मग यादीच्या फाइलमध्ये थेट शिरून ती ओळ हाताने लिहिली. वाय. फाइलला कुलूप घातलं, कुणालाही बदलता येणार नाही असं. आणि तिसऱ्यांदा बांधायला लावलं.

ती पन्नास मिनिटं.

मास्तर ताईंचा हात धरून. पेचकस पडद्याकडे बघत. ऐंशी झाले. मास्तरांनी फोन हातात घेतला. ऐंशीच राहिले. बराच वेळ ऐंशी. फोन त्यांच्या हातात तसाच.

साडेचारला काम संपलं. डिस्क जोडली. चढवलं. डिस्क मशीनमध्ये. वायरी घट्ट केल्या. पेचकसने बटणावर बोट ठेवलं.

दाबलं.

पंखा. पांढऱ्या ओळी.

ओळी.

ओळी.

डिस्क सापडली.

पडदा काळा झाला... आणि अक्षरं आली. अ, आ, इ, उजळत पुढे जायला लागली. मास्तर तोंडावर हात ठेवून बसले. एक फेरी पूर्ण गेली. काही नाही. दुसरी फेरी. द वर थांबली. मग परत. र वर थांबली.

स्टेशनवरच्या त्या बाईच्या आवाजात मशीन म्हणालं, "दार. लावा."

मास्तर धडपडत पुढच्या खोलीत गेले. दिवा लावला. रात्री दहाला त्यांनी स्वतः कडी घातलेली होती. दार सताड उघडं होतं. बाहेर रस्ता. रस्त्यावर कुणी नाही. त्यांनी दार लावलं, कडी घातली, शिलाई मशीन ओढून दाराला लावलं आणि आले.

ताईंसमोर बसले. विचारता येईना. शेवटी पेचकसनेच विचारलं. "ताई, गळ्यात नळी बसवायची म्हणतात डॉक्टर. हवी का?"

अक्षरं फिरली. त्या एका शब्दाला दीड मिनिट लागलं. दीड मिनिटात माणूस म्हातारा होतो, असं पेचकस म्हणाला.

"हो."

मास्तरांनी पलंगाच्या कडेवर कपाळ टेकवलं. त्यांचे खांदे हलत होते. मशीन परत बोलायला लागलं. सावकाश, एकेक शब्द. "यांना. चहा. करा. उपाशी. आहेत."

चिमट्यावर पंच्याऐंशी.

नऊला डॉक्टर आले. शनिवारी नळी बसली. ताई आजही आहेत. जाऊन बघा हवं तर. फलाटाचा विनोद अजून चालू आहे.

झालं की. चांगलं झालं. मी पेचकसला म्हटलं, "तुझा लॅपटॉप जुना झालाय, दुसरं काही नाही." त्याने पाकिटातून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

पंधरा दिवसांनी तो मास्तरांकडे मशीन तपासायला गेला होता. त्या मशीनमध्ये दादाने एक वही ठेवलेली होती, आत, कुणाला न दिसणारी. ताई जे जे बोलतील ते वेळेसकट त्यात आपोआप उतरायचं. पेचकसने सहज सोळा तारखेची रात्र उघडली. पहाटे पावणेपाचला "दार लावा". बरोबर. पण त्याच्या वर आणखी ओळी होत्या. दोन चाळीस ते तीन सदतीस.

त्या तासाभरात ती डिस्क टेबलावर पडली होती, हे लक्षात घ्या. सुटी. एकही वायर नाही.

पेचकसने त्या ओळी कागदावर उतरवून घेतल्या आणि मशीनमधून पुसून टाकल्या. मास्तरांना आजतागायत सांगितलं नाही. कागद मी माझ्या हातात धरलाय. त्याच्या अक्षरात, वेळा डावीकडे, शब्द उजवीकडे.

दोन चाळीस. नाही.

दोन बेचाळीस. नाही.

दोन एक्कावन्न. नाही दादा.

दोन त्रेपन्न. नाही.

तीन वाजून चार मिनिटं. यांना एकटं टाकून नाही.

असं खाली खाली. पडद्यावर जितके एन, तितक्या ओळी. आणि तीन सदतीसला शेवटची.

"आईला कशाला आणलंस?"

...

काय रे? विचार ना, थांबलास का?

ताईंची आई? ताई चार वर्षांच्या होत्या, तेव्हाच गेली ती.